पडद्यांचा रंग नंतर, आधी नोंदणी

परवा एका मैत्रिणीचा मेसेज आला. तिचा एक फ्लॅट रिकामा पडलाय, तो पर्यटकांना रात्रीच्या हिशेबाने द्यायचं तिने ठरवलंय. प्रश्न एवढाच, पडदे निळे घेऊ की पांढरे? मी विचारलं, पाहुणे ठेवण्यासाठीची नोंदणी केलीस का? तर म्हणे, "माझं घर आहे, मी कुणालाही ठेवेन. त्यात परवानगी कसली?"

सहा वर्षं झाली, मी राहत्या घरातली वरची खोली पाहुण्यांना देतेय. सुरुवातीला मीही हेच म्हणायचे. पण ज्या दिवशी दाराशेजारी आकडे जुळवून उघडायची किल्लीची डबी लागते, त्या दिवसापासून शेजाऱ्यांच्या लेखी ते घर राहत नाही, लॉज होतं. रात्री दीड वाजता जिन्यावरून चाकांची बॅग खडखडत जाते, ती ऐकून जागा होणारा माणूस तुमच्या कमाईत भागीदार नसतो. वर्षभराचा भाडेकरू कितीही तिरसट असला तरी त्याचा चेहरा ओळखीचा होतो. इथे दर तिसऱ्या दिवशी नवा चेहरा. म्हणून अनेक शहरांचे कायदे तीस रात्रींपेक्षा कमी मुक्कामाला भाडेकरार धरतच नाहीत, धंदा धरतात. मला ते पटतं. हो, स्वतः खोली देत असूनही.

गंमत बघा. लोकांची घरं-खोल्या पर्यटकांना रात्रीच्या हिशेबाने मिळवून देणारी साइट एअरबीएनबी, तिचा जन्म २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत झाला. भाडं परवडेना म्हणून दोन मित्रांनी घरात हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले. म्हणजे घरातला माणूस घरातच होता. त्याच शहराने २०१५ पासून नोंदणी सक्तीची केली आणि यजमान घरात नसेल तर वर्षाला ९० रात्रींची मर्यादा घातली. झालं काय? बरेच जण नोंदणीच्या वाटेला गेलेच नाहीत. २०१८च्या सुरुवातीला नोंदणी नसलेल्या जागा साइट्सना काढून टाकाव्या लागल्या, तेव्हा जवळजवळ निम्मी यादी गायब झाली. नियम तीन वर्षं कागदावर होताच. तो टोचायला लागला तो जाहिरात दाखवणाऱ्यावरच जबाबदारी आली तेव्हा.

त्यामुळे रात्री मोजण्याच्या नियमांवर माझा फारसा विश्वास नाही. लंडनमध्ये ९० रात्री. अ‍ॅमस्टरडॅमने ६० वरून २०१९ मध्ये ३० वर आणल्या. पॅरिसने २०२५ पासून १२० च्या ९० केल्या. जपानने २०१८ च्या कायद्यात १८० दिवस दिलेत. पण एकच घर तीन साइटवर लावलं तर बेरीज करायची कुणी? न्यूयॉर्कने हा मोजणीचा खेळच बंद केला. सप्टेंबर २०२३ पासून तिथे तीस दिवसांच्या आतला पाहुणा ठेवायचा तर यजमान घरात हवा, पाहुणे जास्तीत जास्त दोन, आणि नोंदणी नसेल तर साइटला त्या बुकिंगचे पैसेच घेता येत नाहीत. कडक आहे. हॉटेलवाल्यांनी या कायद्याची पाठराखण केली, ती काही शेजाऱ्यांच्या झोपेच्या काळजीने नव्हे. तरी तपासायला सोपा नियम तोच. बार्सिलोनाचं मात्र मला पटत नाही. नोव्हेंबर २०२८ पर्यंत पर्यटक फ्लॅटचे सगळे १०,१०१ परवाने संपवायचे त्यांनी ठरवलंय. त्यात चाळीस फ्लॅटवाला आणि एक फ्लॅटवाला एकाच तराजूत.

आता कर. इथे मी स्वतः तोंडावर पडले आहे, म्हणून जरा सविस्तर.

कर दोन असतात आणि लोक हमखास त्यांची खिचडी करतात. पहिला मुक्कामावरचा. कुठे त्याला पर्यटक कर म्हणतात, कुठे निवास कर. कुठे माणशी आणि रात्रीमागे ठरावीक रक्कम, कुठे टक्केवारी (अ‍ॅमस्टरडॅममध्ये २०२४ पासून साडेबारा टक्के). हे पैसे पाहुण्याचे असतात, आपण फक्त पोस्टमन. पहिल्या वर्षी "कर साइटच भरते" म्हणून मी निर्धास्त होते. पण आवडलं म्हणून दुसऱ्यांदा येणारे पाहुणे थेट फोन करायचे. ते बुकिंग साइटला कुठून कळणार? त्यांच्याकडून मी कर घेतलाच नव्हता. वर्षाअखेरीस सगळा खिशातून भरला, वर दंड. पाहुण्यांकडे मागायला तोंड नव्हतं. शिवाय महिनाभर कुणी फिरकलं नाही तरी शून्याचं विवरणपत्र भरायचं असतं, हेही तेव्हाच कळलं. सगळीकडे असं नसेल, पण विचारून घ्या.

दुसरा आपला नेहमीचा प्राप्तिकर. साइट कमिशन कापून जे खात्यात टाकते तेच उत्पन्न, असं धरून बरेच जण हिशेब लिहितात. पाहुण्याने दिलेलं पूर्ण भाडं आधी लिहायचं, कमिशन, साफसफाई, चादरी हे खर्चाच्या बाजूला. आणि "कुणाला कळतंय" हे दिवस गेले. युरोपीय संघात २०२३ पासून यजमानांच्या कमाईची माहिती साइट्सनाच कर खात्याला द्यावी लागते.

विम्याचं एका वाक्यात: घराच्या साध्या पॉलिसीत पैसे घेऊन ठेवलेला पाहुणा बहुतेक वेळा बसत नाही, तेव्हा पहिल्या पाहुण्याआधी विमा कंपनीकडून लेखी घ्या. कर्ज असेल तर बँकेचे कागदही चाळा.

मैत्रिणीला हे सगळं लिहून पाठवलं. दोन दिवस उत्तर नाही. मला वाटलं, रुसली. काल रात्री तिने इमारतीच्या नियमावलीच्या एका पानाचा फोटो पाठवला. महिन्याच्या आतल्या मुक्कामासाठी घर द्यायचं तर इतर मालकांची लेखी संमती हवी, असं कलम आहे. खालच्या मजल्यावरच्या आजोबांशी ती याबद्दल बोलायला गेली, तर त्यांनी आधी तिच्या नळगळतीचा जुना हिशेब काढला. सध्या ती वर्षभराचा भाडेकरू शोधतेय.

पडदे निळे घेतलेत.