रेड हॉट पोकरला ऊन हवं म्हणून पाणी नको? त्या मेसेजमधल्या एकेका मुद्द्याला उत्तर

रेड हॉट पोकर या बागेतल्या फुलझाडाबद्दल एक मेसेज सगळीकडे फिरतोय, सोबत लाल-केशरी फुलांचा एकदम भारी फोटो आहे आणि मजकूर साधारण असा: "हे आफ्रिकेच्या वाळवंटातलं झाड आहे, कोरफडीचं भावंड, कडक उन्हात वाळूत लावा आणि विसरून जा, पाणी अजिबात नको, कंद खोल पुरा, खालची फुलं पिवळी पडली की रोग समजून कापा, फुलं आली नाहीत तर युरिया द्या, दरवर्षी खणून वेगळं करा, थंडीच्या आधी पानं जमिनीलगत छाटा, बाराही महिने फुलेल." यातलं कडक उन्हाचं तेवढं खरं, आणि कोरफडीचं अर्धं. बाकी सगळं इतक्या ठामपणे लिहिलंय की लोक वाचतात, तस्संच करतात आणि चांगली धडधाकट रोपं जातात, आणि मला खरंच वाईट वाटतं कारण हे झाड असं पटकन मरणाऱ्यातलं नाहीच, एकदा नीट बसलं की वर्षानुवर्षं त्याच जागी वाढत राहतं. म्हणून ओळीने एकेक मुद्दा घेते.

सुरुवात वाळवंटापासून, कारण पुढचे निम्मे घोळ तिथूनच निघालेत. निफोफिया हे याचं शास्त्रीय नाव, सत्तरच्या आसपास जाती आहेत, त्यातल्या बहुतेक दक्षिण आफ्रिकेतल्या आणि बाकीच्या पूर्व आफ्रिकेचे डोंगर, मादागास्कर ते थेट येमेनपर्यंत पसरलेल्या. आता दक्षिण आफ्रिका म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वाळू येते पण या झाडाची घरची जागा म्हणजे डोंगरउतारावरचं गवताळ रान, ओढ्याचा काठ, जिथे जमिनीतून पाणी झिरपत असतं अशी ओलसर पट्टी, काही जाती तर चक्क पाणथळ जागेत वाढतात. निफोफिया उव्हारिया, म्हणजे बागेत सगळ्यात जास्त नाव ऐकू येतं ती जात, ती दक्षिण आफ्रिकेतल्या केप भागातल्या डोंगरांमध्ये झिरपणाऱ्या पाण्याच्या आणि झऱ्यांच्या आसपास सापडते. निफोफिया कॉलेसन्स ही दुसरी जात तिथल्याच ड्रेकन्सबर्ग डोंगररांगेच्या उंच भागात राहते जिथे हिवाळ्यात बर्फ पडतो. अजून एक पुरावा बघा, ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात हीच उव्हारिया बागेतून बाहेर पळाली आणि तण म्हणून माजली, आणि ती माजली कुठे तर ओलसर माळ, रस्त्याकडेचे चर, पाणथळीचे काठ. झाडाला मोकळं सोडल्यावर ते ओलीकडे जातंय आणि आपण त्याला वाळूत पुरून पाणी तोडायचं म्हणतोय!

"कोरफडीचं भावंड" हे मात्र निराधार नाहीये. दोघंही ॲस्फोडेलेसी या एकाच कुळातले, आणि वनस्पतींना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये उव्हारियाला कोरफडीच्या वंशातच टाकलं होतं, ॲलो उव्हारिया नावाने. पुढे १७९४ मध्ये मोएंख या वनस्पतिशास्त्रज्ञाने निफोफिया हा वंश वेगळा केला, योहान हिएरोनिमस क्निफॉफ या जर्मन डॉक्टर-वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून. म्हणजे नातं आहे, पण नात्यावरून पाण्याचं वेळापत्रक ठरत नाही हो, त्यासाठी पान हातात घेऊन बघायला लागतं. कोरफडीचं पान मोडलं की आत गर असतो, तोच तिचा साठा, त्याच्यावर ती आठवडेच्या आठवडे काढते. रेड हॉट पोकरचं पान मोडा, मुळात ते मोडतच नाही, वाकतं आणि धाग्या-धाग्यांनी फाटतं, लांबलचक अरुंद पात, मधे खोलगट आणि खालच्या बाजूला मधोमध कणा आलेली, कडेवरून बोट उलटं फिरवलं तर बऱ्याच जातींमध्ये बारीक दाते लागतात. गर नाहीच. याची जी काही शिल्लक असते ती खाली जाडसर मुळांमध्ये आणि ती कोरफडीच्या साठ्यासमोर किस झाड की पत्ती.

आता पाणी. इथे जरा थांबते कारण मेसेज चुकीचा असला तरी तो लिहिणाऱ्याने काहीतरी खरं अर्धवट ऐकलेलं असणार. "माझं पोकर पाण्याने गेलं" असं सांगणारे लोक आहेत आणि ते खोटं बोलत नाहीयेत. पण ते गेलं साचलेल्या पाण्याने, आणि बहुतेक वेळा थंडीत, जेव्हा झाडाची वाढ थांबलेली असते आणि मुळं पाणी ओढत नसतात. त्या दिवसांत चिकणमातीत पाणी तुंबून राहिलं की मुळांना हवा मिळत नाही, बुंध्याशी बुरशी धरते आणि क्राउन, म्हणजे पानं जिथून फुटतात तो गड्डा, तो सडतो. ओळखायचं कसं तर मधलं कोवळं पान धरून हलकेच ओढायचं, निरोगी झाडात ते हलत नाही, सडलेल्यात अलगद हातात येतं आणि त्याचं टोक तपकिरी गिळगिळीत असतं, वासही येतो. हे बघितलेला माणूस घाबरून पाणी तोडतो आणि मग पुढच्या वाढीच्या मोसमात झाड तहानेने खंगतं. म्हणजे वाढीच्या दिवसांत ओल हवी आणि विश्रांतीच्या दिवसांत पाणी साचायला नको, दोन्ही एकदम खरं आहे. निचरा चांगला ठेवा याचा अर्थ पाणी देऊ नका असा होत नाही, पाणी द्या पण ते थांबू देऊ नका असा होतो.

प्रत्यक्षात काय करायचं? लावल्यावर पहिला पूर्ण मोसम नियमित आणि खोलवर पाणी, वरवर शिंपडणं नाही. नंतर माती दोन इंच खालपर्यंत कोरडी लागली की द्यायचं. सगळ्यात महत्त्वाचे दिवस म्हणजे दांडे वर यायला लागतात तेव्हाचे, त्या वेळेला ताण बसला तर दांडा आखूड राहतो आणि वरच्या कळ्या उमलायच्या आधीच सुकतात. मुरलेलं झाड कोरडा काळ सहन करतं हे खरं, पण सहन करणं वेगळं आणि फुलणं वेगळं. जागेची शंका असेल तर फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा, दुसऱ्यांदाचं पाणी काही तासांत जिरलं तर जागा ठीक, दुसऱ्या दिवशीही डबकं दिसलं तर तिथे उंचवटा करून लावा किंवा उतारावर न्या. नुसती वाळू पण नको, कंपोस्ट घातलेली भुसभुशीत माती हवी, जड माती असेल तर त्यात बारीक खडी मिसळा.

उन्हाचं खरं आहे म्हटलंच आहे, सहा तास तरी थेट ऊन हवं. सावलीत पानांचा झुबका मस्त होतो पण दांडे कमी आणि जे येतात ते उजेडाकडे वाकडे. जिथे दुपार फारच भाजून काढते तिथे दुपारनंतर थोडी हलकी सावली पडली तर झाड उलट खूशच असतं. आणि हवा उष्ण, दमट आणि माती कायम चिंब, असं त्रिकूट असेल तर मात्र हे झाड रमत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

"कंद खोल पुरा." कांद्यासारखा कंद याला नसतोच. जमिनीत आडवं जाडसर खोड असतं आणि त्याला दोरीसारखी मांसल मुळं. कंद समजून वीतभर खोल गाडलं की क्राउनवर ओली माती बसते आणि वर सांगितलेली सड घरबसल्या तयार. क्राउन मातीच्या पातळीला किंवा अगदी जरासा खाली, मुळं झाकलेली, बस. दोन झाडांत दीड-दोन फूट अंतर ठेवा, मोठ्या जातींना त्याहून जास्त, कारण काही जातींचे दांडे पाच-सहा फुटांपर्यंत जातात आणि पानांचा घेरही तसाच होतो.

"खालची फुलं पिवळी पडली की रोग." हा मुद्दा वाचून मी खरंच हळहळले, कारण त्या फोटोतलं जे सौंदर्य आहे ना, वर लाल खाली पिवळं, ते याच्यामुळेच तर आहे! एकदा दांड्याजवळ बसून नीट बघा. एकाच दांड्यावर दाटीवाटीने लांबट नळ्या लटकलेल्या असतात, तोंडं जमिनीकडे. वरच्या टोकाला घट्ट मिटलेल्या कळ्या, त्या लालबुंद. उमलण्याचा क्रम खालून वर, त्यामुळे सगळ्यात खालच्या नळ्या आधी फुगतात, लाल उतरून केशरी होतो, मग पिवळा, तोंड उघडतं आणि पुंकेसर बाहेर डोकावतात. नळी हलकेच दाबली तर मधाचा थेंब येतो. म्हणजे पिवळं फूल हे उमललेलं फूल आहे, काम चालू असलेलं, आणि लोक नेमकं तेच कापतायत. पुढे ते तपकिरी होऊन लोंबतं आणि तेही नैसर्गिकच. पूर्ण दांडा संपल्यावर तो बुडाशी कापायचा, तोवर हात लावायचा नाही. आणि सगळ्या जाती लाल असतातच असंही नाही, लिटल मेड फिकट मलईसारखी, ग्रीन जेड हिरवट, त्यामुळे घरी आलेलं झाड लाल फुललं नाही म्हणून फसवलं गेल्यासारखं वाटून घेऊ नका.

त्याच फोटोच्या एका कॉपीवर एक हमिंगबर्ड चिकटवलाय आणि "आफ्रिकेतला त्याचा जोडीदार" असं लिहिलंय. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. तिथल्या बागांमध्ये ते या फुलांवर आवडीने येतात, पण आफ्रिकेत हे काम सनबर्ड, म्हणजे शिंजीर पक्षी, करतात, आणि ते बहुतेक वेळा दांड्यावर बसून चोच खालून नळीत घालतात, म्हणून तो दांडा इतका ताठ आणि मजबूत असणं कामाला येतं. मधमाश्या तर सगळीकडेच येतात.

युरियाचं काय सांगू. नुसतं नत्र ओतलं की झाड पानं काढतं, गर्द हिरवी लुसलुशीत आणि फुलाचा पत्ता नाही. फुलं येत नसतील तर आधी ऊन बघा, मग क्राउन खोल गाडला गेलाय का बघा, मग झाड नुकतंच हलवलंय का आठवा. खत म्हणून वाढ सुरू होताना कंपोस्टचा एक थर भोवतीने, क्राउनला न टेकवता, एवढं बहुतेक बागांना पुरतं.

आता दरवर्षी खणायचं. नको, अजिबात नको. याला मुळं हलवलेली आवडत नाहीत, वेगळं केलेलं रोप पहिल्या वर्षी बऱ्याचदा फुलतच नाही, मुळं बसवण्यातच त्याचं वर्ष जातं. मग दरवर्षी खणणाऱ्याला फुलं दिसणार कधी? चार-पाच वर्षांनी झुबका फार दाटला, मधोमध विरळ पडला आणि दांडे कमी झाले की मग करा, तेही थंडी सरून वाढ सुरू होताना, आणि प्रत्येक तुकड्याला पानं आणि मुळं दोन्ही राहतील असे मोठे तुकडे करा. बियांपासून करायचं तर दोन-तीन वर्षं फुलांची वाट बघायची तयारी ठेवा, आणि नावाच्या हायब्रीड जातीच्या बियांतून तीच जात येईल अशी आशा ठेवू नका.

पानं जमिनीलगत छाटायचा सल्ला तर उलटा नुकसान करतो. जिथे हिवाळा कडक आणि ओला असतो तिथे ती जुनी पानंच क्राउनचं छप्पर असतात. छाटली की मधोमध पोकळी उघडी पडते, त्यात पाणी शिरतं, गोठतं आणि गड्डा आतून जातो. तिथले माळी पानं वर गोळा करून सैलसर बांधतात, वेणीसारखी, म्हणजे पाणी बाहेरून ओघळून जातं. साफसफाई थंडी संपल्यावर. जिथे थंडी सौम्य आहे तिथे बांधायची गरज नाही, फक्त वाळलेली पानं ओढून काढा कारण त्या गचपणात गोगलगायी दडून बसतात.

आणि बाराही महिने फुलणं वगैरे काही नसतं. एका झाडाचा बहर काही आठवड्यांचा, काही जाती उन्हाळ्याच्या सुरुवातीला, रूपेराय सारखी जात शरद ऋतूत. पॉप्सिकल नावाच्या बुटक्या सिरीजमध्ये जुने दांडे कापत राहिलं तर पुन्हा पुन्हा फुलं येतात, असे थोडेच अपवाद धरा. लांब बहर हवा असेल तर वेगवेगळ्या वेळेला फुलणाऱ्या दोन-तीन जाती लावणं हा सरळ मार्ग आहे.

ज्यांनी तो मेसेज वाचून आधीच लावलंय त्यांनी आज एवढं करा: बोटांनी माती बाजूला सारून क्राउन किती खाली आहे ते बघा, खोल असेल तर पूर्ण झाड उपटू नका, भोवतीची माती कमी करून गड्ड्याला मोकळं करा. मधलं पान ओढून बघा, घट्ट असेल तर झाड जिवंत आहे. वाढीचे दिवस असतील तर एकदा भरपूर, सावकाश पाणी द्या, भोवती पालापाचोळा पसरा पण गड्ड्यापासून चार बोटं लांब, युरिया बंद. थंडीचे दिवस असतील तर पाणी देण्याची घाई करू नका, नवीन पातं वाढायला लागलं की सुरू करा, आणि या वर्षी दांडा आला नाही म्हणून खणून फेकू नका.