अपस्केलरबाबत आलेल्या एक तारा अभिप्रायास आमचे उत्तर

नमस्कार,

नवी पेठेतील आमच्या दुकानातून घेतलेल्या अपस्केलरला, म्हणजे जुन्या गेमयंत्राचे चित्र नव्या टीव्हीसाठी मोठे करून देणाऱ्या यंत्राला, आपण एक तारा दिला आहे. जुन्या प्लेस्टेशनचे चित्र फोर-के टीव्हीवर फोर-केसारखे दिसत नाही, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात, कॅसेटच्या गेमची बंदूक चालत नाही आणि हेच काम जुनी केबल नव्या टीव्हीला जोडून देणारा स्वस्तातला कन्व्हर्टरही करतो, असे आपले म्हणणे आहे. आपण चांगली रक्कम मोजली आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

१९९४ साली जपानमध्ये आलेले हे कन्सोल पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसाठी बनले होते आणि त्याचे बरेचसे गेम साधारण २४० ओळींचे चित्र पाठवतात. अनेक नवे टीव्ही आणि बहुतेक स्वस्त कन्व्हर्टर हे पूर्ण चित्र अर्धे समजतात व लागोपाठची दोन चित्रे एकत्र जोडू पाहतात. त्यामुळे धावणाऱ्या पात्राच्या कडा दातेरी होतात आणि मार लागल्यावर लुकलुकणारे पात्र कधीकधी दिसेनासेच होते. अपस्केलर हा सिग्नल नीट ओळखतो. २४० ओळींच्या चौपट ९६० होतात आणि त्या १०८० ओळींच्या चित्रात वर-खाली थोडी जागा सोडून स्वच्छ बसतात. मात्र मूळ गेममध्येच नसलेला बारकावा त्यात भरणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही, आणि तसे आम्ही कोणत्याही ग्राहकाला सांगत नाही.

आपण जोडलेल्या छायाचित्रात अपस्केलरला पिवळी पिन लावलेली स्पष्ट दिसते. त्या एकाच तारेतून रंग आणि उजेड एकत्र येतात, ते पुन्हा पूर्णपणे वेगळे करता येत नाहीत, आणि म्हणून लाल अक्षरांच्या कडेने मुंग्यांची रांग चालल्यासारखे ठिपके सरकताना दिसतात. सोबत दिलेली आरजीबी केबल, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा रंग वेगवेगळ्या तारांतून नेणारी केबल, लावून पाहावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. सर्वांत मोठा फरक तिनेच पडेल.

काळ्या पट्ट्या हा दोष नव्हे. गेमचे चित्र ४:३ प्रमाणातले आहे आणि ते रुंद पडद्यावर ताणले, तर गाडीचे गोल चाक लंबगोल होते.

बंदुकीबद्दल आपली निराशा मला समजते, कारण बंदुकीने बदके टिपण्याचा हा गेम घराघरांत खेळला गेला आहे. ट्रिगर दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतील सेन्सर तो उजेड टिपतो. मूळ बंदुकीची रचना पिक्चर ट्यूबवर सेकंदाला सुमारे १५,७०० ओळी उमटण्याच्या वेगाशी जुळवलेली आहे. एलसीडी पडद्यावर उजेड तसा उमटत नाही, शिवाय चित्रही किंचित उशिरा येते, त्यामुळे कितीही महागडा अपस्केलर लावला तरी नेम लागणार नाही. घरात जुना डबा टीव्ही असेल, तर कृपया तो भंगारात देऊ नये.

आपण कन्सोल, अपस्केलर आणि दोन्ही केबल घेऊन कोणत्याही संध्याकाळी दुकानात यावे. एकाच टीव्हीवर कन्व्हर्टर आणि अपस्केलर आळीपाळीने लावून दाखवतो. त्यानंतरही समाधान झाले नाही, तर पूर्ण रक्कम परत मिळेल. येताना घरच्या टीव्हीचा मॉडेल क्रमांक लिहून आणावा, म्हणजे चित्र येण्यातला उशीर कमी करणारा त्यातील गेम मोड कसा सुरू करायचा तेही सांगता येईल.