तीस टक्के फुकट, पण क्लचला विचारलं का?

एक फॉरवर्ड सध्या प्रत्येक गाडीवेड्याच्या फोनवर येऊन गेलाय. त्यातला दावा थोडक्यात असा: टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या पेट्रोल गाडीत कंपनी तीस टक्के ताकद मुद्दाम दाबून ठेवते. 'स्टेज वन' रीमॅप केला, म्हणजे पार्ट न बदलता इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर (मॅप) तेवढं बदललं, की ती मोकळी होते, आणि हे कुठल्याही टर्बो गाडीला चालतं. कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) आणि धूर सहज सोडणारा फ्री फ्लो सायलेंसर लावला की आणखी पंधरा-वीस बीएचपी (ताकदीचं माप). शंभर ऑक्टेनचं पेट्रोल भरलं की इंजिनाला धोका नाही, वर अ‍ॅव्हरेजही वाढतं. आणि सर्व्हिसिंगच्या आधी स्टॉक, म्हणजे कंपनीचा मूळ, मॅप परत टाकला की कुणाला पत्ता लागत नाही. फुकटचं ते पौष्टिक!

मी रीमॅपच्या विरोधात नाही. माझी पोलो जीटी टीएसआय चार वर्षं रीमॅपवर आहे आणि साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर मला अजून हसू फुटतं. म्हणूनच हा फॉरवर्ड वाचून चिडचिड होते.

'कंपनी ताकद दाबून ठेवते'

अर्धं खरं आहे. शिल्लक ठेवलेली असते, पण ती बिकानेरच्या मे महिन्यासाठी, लडाखच्या विरळ हवेसाठी, कुठल्या तरी आडगावच्या पंपावरच्या पेट्रोलसाठी आणि ऑइल वेळेवर न बदलणाऱ्या मालकासाठी. रीमॅप करणारा ही शिल्लक खर्च करतो. करावी, पण खर्च होतेय हे माहीत असावं.

याला जोडून येणारं 'एकच इंजिन दोन ताकदींत विकतात, फरक फक्त सॉफ्टवेअरचा' हेही दर वेळी खरं नसतं. फोक्सवॅगनचं १.५ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, टीएसआय ईव्हो, युरोपात १३० आणि १५० पीएस (बीएचपीसारखंच ताकदीचं माप) अशा दोन रूपांत आलं. पहिल्या पिढीत १३०वाल्याचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १२.५, तर १५०वाल्याचं १०.५. टर्बोसुद्धा वेगळ्या जातीचा. लॅपटॉप जोडून एकाचं दुसरं होत नाही.

'स्टेज वन कुठल्याही टर्बो गाडीला चालतो'

इथे जरा थांबू, कारण खिसा इथेच कापला जातो.

जुन्या १.२ लिटर पोलो जीटी टीएसआयचा टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) १७५ न्यूटन मीटर. तिच्या सात गिअरच्या डीएसजीचं (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) नाव डीक्यू२००. तो कोरड्या क्लचचा, आणि त्याची ठरवून दिलेली मर्यादा २५० न्यूटन मीटर. म्हणजे वर ७५ ची मोकळी जागा. आता व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया, कुशाक यांचं १.५ घ्या. कंपनीतूनच टॉर्क २५०, आणि ऑटोमॅटिक घेतलीत तर गिअरबॉक्स तोच डीक्यू२००. कागदावर शिल्लक शून्य. त्यावर तीस टक्के चढवले की होतात ३२५. एकच फॉरवर्ड, एकच गिअरबॉक्स, आणि दोन गाड्यांसाठी उत्तरं उलटी.

लगेच क्लच जळतो असं नाही, म्हणूनच लोक फसतात. कोरड्या क्लचला थंड करायला तेल नसतं. हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटताना तो आधीच तापलेला असतो. २०१७ च्या ऑक्टेव्हिया आरएसचा सहा गिअरचा डीएसजी तेलात बुडालेल्या क्लचचा. त्या गाडीचे अनुभव १.५ वाल्याने वाचून हुरळू नये.

मग १.५ ला हातच लावायचा नाही? लावता येतो. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे). १५० पीएसचं इंजिन ५५०० आरपीएमला १५० पीएस देत असेल तर तिथे टॉर्क साधारण १९१ च असतो. तो २१० वर नेला तर पॉवर जवळजवळ १६४ पीएस होते आणि २५० ची रेघ कुठेच ओलांडली जात नाही. चांगला ट्यूनर, म्हणजे रीमॅप करणारा, खालचा टॉर्क बांधून ठेवतो आणि वरच्या आरपीएमला काम करतो. पण अशा मॅपमध्ये सिग्नल सुटल्यावर सीटला पाठ चिकटत नाही, त्यामुळे तो विकायला अवघड. २००० आरपीएमला धक्का देणारा मॅप पटकन खपतो. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत नेमक्या त्याच भागात, कमी आरपीएम आणि जास्त लोडवर, ठिणगीच्या आधीच पेट घेण्याचा धोका असतो. त्यात पिस्टन फुटू शकतो. त्यासाठीच तर एपीआय (ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था) एसएन प्लस आणि एसपी दर्जाची ऑइलं निघाली.

'कोन फिल्टरने बीएचपी वाढतो'

आवाज वाढतो, आणि तो मलाही आवडतो. पण कंपनीचा एअरबॉक्स समोरून थंड हवा घेतो, उघडा कोन बॉनेटखालची गरम हवा ओढतो. ३५ अंशांची हवा ६० वर गेली की तिची घनता सुमारे साडेसात टक्के घटते. टर्बो ती भरून काढतो, पण जास्त राबून. मूळ डब्यात बसणारा चांगला फिल्टर घ्या, प्रश्न मिटला.

सायलेंसरचंही तेच. टर्बोला लागून असलेल्या डाउनपाइपने (धुराच्या पहिल्या नळीने) फरक पडतो, मागच्या डब्याने मुख्यतः शेजाऱ्यांना पडतो. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) काढून मिळवलेली पॉवर ही दुसऱ्याच्या फुप्फुसातून मिळवलेली असते. त्यावर वाद घालायची माझी इच्छा नाही.

'शंभर ऑक्टेन म्हणजे कवच'

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, नॉक (मिश्रणाने अवेळी, धक्क्याने पेटणं) न होता दाब सहन करण्याची क्षमता. मॅप त्यासाठी लिहिलेला असेल तरच उपयोग. आणि तसा लिहिला असेल, तर गुहागरला जाताना मधल्या पंपावर ते मिळालं नाही की गाडी नॉक सेन्सरच्या भरवशावर. मॅप नेहमीच्या पेट्रोलवर बेतलेला घ्या, महागडं इंधन वरची सोय समजा.

'अ‍ॅव्हरेज वाढतं'

नाही. संथ चालवताना पेट्रोल इंजिन सेन्सर बघून हवा-इंधनाचं तेच प्रमाण राखतं, मॅप कुठलाही असो. टाकी ते टाकी मोजून बघा.

'कुणाला कळत नाही'

कळतं. ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, किती वेळा प्रोग्रॅमिंग झालं याचा मोजणी आकडा राहतो. फोक्सवॅगन समूहात अशा गाडीच्या नोंदीला 'टीडी१' हा छेडछाडीचा शिक्का लागतो आणि स्टॉक मॅप परत टाकून तो पुसला जात नाही. शिवाय मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए आहे: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा कंपनीला न सांगितलेला बदलही नेमका क्लेमच्या वेळी वर येतो.

राहिला डायनोचा (ताकद मोजणाऱ्या मशिनचा) कागद. त्यावरचा आकडा उंची आणि तापमानाप्रमाणे 'दुरुस्त' केलेला असतो. टर्बो गाडी विरळ हवेची भरपाई बरीचशी स्वतःच करते. त्यावर बिनटर्बोच्या साध्या इंजिनाचं गणित लावलं की पुण्याच्या उंचीवर आकडा आपोआप फुगतो. म्हणून ट्यूनरला आधी स्टॉक गाडीचा रन काढायला सांगा, मग त्याच दिवशी, त्याच मशिनवर, त्याच गिअरमध्ये रीमॅपचा. आणि विचारा, २००० आरपीएमला टॉर्क किती ठेवलाय. तो 'बीएचपी बघा ना साहेब' म्हणाला, तर चहा पिऊन परत या.