चीडवर उगाच चीड

उत्तराखंडची जंगलं पेटली की दर उन्हाळ्यात एक मेसेज फिरतो: ‘चीड हे इंग्रजांनी विलायतेहून आणलेलं झाड. याची नर-मादी झाडं वेगळी. आगीशिवाय याचं फळ फुटत नाही, म्हणून ते जंगलच पेटवतं.’ यंदा नैनिताल फिरून आलेल्या आत्याने पाठवला.

विलायतेहून? चीड हा पाइनचाच एक प्रकार. ब्रिटनमध्ये मूळचा पाइन एकच, स्कॉट्स पाइन, आणि त्याच्या सुया दोन-दोनच्या जुडीत येतात. चीडची जुडी उचलून मोजा, तीन भरतील. अफगाणिस्तानपासून भूतानपर्यंतचे हिमालयाचे उतार हेच त्याचं माहेर. राळेसाठी आणि रेल्वे रुळांखालच्या स्लीपरांसाठी इंग्रजांनी बांज (हिमालयातला ओक) मागे सारून चीड वाढवला, हा आरोप मात्र खरा.

नर आणि मादी शंकू एकाच झाडावर लागतात. वसंतात नर शंकूंमधून पिवळी धूळ उडते. तिच्या प्रत्येक कणाला हवेच्या दोन पिशव्या असतात, त्यामुळे वाऱ्यावरच काम भागतं, मधमाशीची गरज पडत नाही. परागकण पोचल्यावरही फलन व्हायला वर्षभर लागतं आणि शंकू पिकायला सुमारे दोन वर्षं. त्याला फळ म्हणणंही चूकच. शंकूच्या प्रत्येक खवल्यावर दोन बिया उघड्याच बसलेल्या असतात. शाळेत घोकलेलं ‘अनावृत्तबीजी’ ते हेच.

आता आग. उत्तर अमेरिकेतल्या जॅक पाइनचे बरेच शंकू राळेने चिकटून बंद असतात, ते उघडायला मोठी उष्णता लागते. मेसेजवाल्याने बहुधा तिथलंच उचललंय. चीडच्या शंकूला एप्रिल-मेचं ऊन पुरतं. बीला पातळ पंख असतो, ती भिंगरीसारखी गरगरत दूर पडते. (चिलगोजाही पाइनचीच बी, पण उडण्याजोगा पंख नाही.) वाळक्या सुयांचा, म्हणजे पिरूलचा, जाड थर असला की बीचं मूळ मातीला लागत नाही. हलकी आग तो थर साफ करते. एवढाच आगीचा उपकार, आणि तीही बहुतेक वेळा माणसाच्याच हातून लागते.

पटत नसेल तर आत्याने शोकेसमध्ये ठेवलेला शंकू पाण्यात बुडवा. तासा-दोन तासांत मेलेला शंकूही खवले मिटून घेतो. उन्हात वाळवला की पुन्हा उघडतो. बिया मात्र शोधू नका, त्या केव्हाच तिकडच्या उतारावर गळून गेल्यात.