ईमेल लपवावा तो असा

झालं का पॅकेज तयार? गोव्यातल्या रायबंदर-चोडण फेरीबोटीच्या वेळा संगणकाच्या टर्मिनलवर दाखवणारं! आता ते पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावर, चढवण्याआधी आपला ईमेल लपवा. स्पॅमवाले टपलेलेच असतात.

पहिला उपाय वाडवडिलांचा. ‘@’ काढून कंसात ‘ॲट’ लिहा, टिंबाच्या जागी ‘डॉट’. पत्ते वेचत फिरणाऱ्या बॉटला हे कुठून कळणार? एका ओळीचा रेगेक्स, म्हणजे मजकुरातला नमुना शोधणारं सूत्र, लिहायला त्या बिचाऱ्याला सवड आहे का! पायपीआय मात्र आडमुठं. मेटाडेटात, म्हणजे पॅकेजसोबतच्या माहितीत, वैध ईमेलच हवा म्हणून अपलोड परत पाठवतं. खचू नका. तो रकाना ऐच्छिक आहे, कोरा सोडा आणि रीडमीत, म्हणजे पॅकेजच्या परिचयाच्या फाइलीत, पत्त्याचं चित्र टाका. स्क्रीन रीडरवर ऐकून वाचणाऱ्या अंधांना ते वाचता येणार नाही. त्यांनी फेरीबोटीने जायचंच कशाला?

कुणी म्हणेल, कोड जिथे ठेवता त्या गिटहबचा, खरा ईमेल झाकणारा नोरिप्लाय पत्ता वापरा. सेटिंगमध्ये एक टिक! इतक्या सोप्या गोष्टीत कसलं आलंय कौतुक? शिवाय जुन्या कमिटांत, म्हणजे कोडबदलांच्या नोंदींत, खरा पत्ता पडून आहेच. कमिटच्या लिंकपुढे ‘डॉट पॅच’ लावलं की वरच्याच ओळींत तो नावासकट हजर. आपण तिकडे बघायचं नाही, म्हणजे झालं.

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या वाटेला तर जाऊच नका. पॅकेजच्या कंट्रोल फाइलीत मेंटेनरचं, म्हणजे ते सांभाळणाऱ्याचं, नाव आणि चालू ईमेल, बदलांची यादी असलेल्या चेंजलॉगच्या प्रत्येक नोंदीखाली पुन्हा तेच. का, तर बिघाड झाला की कुणाला तरी कळवता यावं म्हणे!

भीती खोटी नाही, हे मान्य. जुलै २०२५मध्ये मेटाडेटात ज्यांचे ईमेल होते त्यांना पायपीआयच्या नावाने ‘ईमेल पडताळा’ असे बनावट मेल आले. डोमेनमध्ये शेवटच्या ‘आय’च्या जागी ‘जे’. एवढी नक्कल साधणाऱ्यांना कंसातलं ‘ॲट’ वाचता येत नाही, अशी श्रद्धा ठेवा.

राहता राहिला तुमचा खराखुरा वापरकर्ता. चोडणच्या धक्क्यावर पावसात भिजत, पडद्यावरच्या वेळेला न आलेल्या बोटीची वाट बघणारा. तो काही चित्रातली अक्षरं टिपत बसणार नाही. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तुमच्या मामांना गाठेल. “अरे बाबा, तुझी ती बोट चुकते म्हणतात रे,” असा मामांचा फोन आला की त्यांना शांतपणे सांगा: गिटहबवर तक्रारीचा इश्यू टाका, लेबल लावायला विसरू नका.