एक झाकण म्हणजे किती?

सकाळी फोन हातात घेतला आणि डोकंच फिरलं. घरच्या ग्रुपवर धाकट्या भावाने कुठून तरी आलेला मेसेज पुढे ढकललेला: 'पाणी खराब येतंय? बादलीला एक झाकण ब्लीच टाका, ढवळा, पाणी शुद्ध.' खाली बारा अंगठे. कुठलं ब्लीच, किती टक्क्यांचं, बादली केवढी, झाकण केवढं, एकानेही विचारलं नाही.

मी उठले, आमच्या बाटलीचं झाकण काढलं आणि त्यात सिरिंजने पाणी भरून बघितलं. १५ मिलि बसलं. १५ मिलि म्हणजे साधारण ३०० थेंब. आणि १५ लिटरच्या बादलीला, पाणी स्वच्छ दिसत असेल तर, लागतात ३०. दहापट! घरातल्या लेकराबाळांना दहापट ब्लीच पाजायला निघालोय आणि वर अंगठे देतोय.

जास्त राग याचा की मेसेज त्याने टाकला. त्याने! ज्याच्यापायी बाबांनी एकदा अख्खा कॅन बाजूला काढला होता.

पुराचा तिसरा दिवस होता. वीज नाही, गॅस संपलेला, त्यामुळे उकळायचं नावच नको. बाबांनी कपड्यांसाठी आणलेली ब्लीचची बाटली काढली आणि आधी मेणबत्तीपाशी धरून लेबल वाचलं. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचमधलं मूळ रसायन, ६ टक्के. सुगंध नाही, साबण नाही, दुसरं काही मिसळलेलं नाही. मग एक कोरा ड्रॉपर घेतला. कॅन २० लिटरचा. लिटरला २ थेंब, म्हणजे ४०. ते थेंब सोडणार, मी मोठ्याने मोजणार. सव्विसाच्या आसपास हा म्हणाला, "ताई, तहान लागली." मी वळून बघितलं आणि आकडा गेला.

"किती झाले?" बाबांनी विचारलं.

"सव्वीस... की अठ्ठावीस."

ते काही बोलले नाहीत. ड्रॉपर खाली ठेवला, तो कॅन भांड्यांसाठी सरकवला आणि दुसरा पुढे ओढला. दोन जिने चढवून आणलेलं पाणी होतं ते. मला रडू फुटलं.

दोन थेंबांनी काही बिघडलं नसतं, हे आज मलाही कळतं. मान्य. पण त्या माणसाला 'अंदाजे' हा शब्द पाण्याच्या बाबतीत चालत नव्हता. मीठ अंदाजे घाला, काही बिघडत नाही. ब्लीच नाही.

लेबलवर ५ ते ९ टक्के लिहिलेलं असेल तर लिटरला २ थेंब. १ टक्क्याचं पातळ द्रावण असेल तर लिटरला १०. टक्केच लिहिलेले नसतील तर ती बाटली प्यायच्या पाण्याजवळ आणूच नका. सुगंधी, रंगीत कपड्यांसाठीचं, घट्ट केलेलं, साबण घातलेलं, यातलं काहीही चालत नाही. बाटली जुनी असेल तरीही नाही. ब्लीच पडून पडून कमजोर होतं, उन्हात आणि उकाड्यात तर लवकरच. वर्षभर कपाटात राहिलेल्या बाटलीच्या भरवशावर बसलात तर जंतू मरत नाहीत, फक्त आपलं समाधान होतं.

पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, मग स्वच्छ फडक्याच्या दोन-चार घड्यांतून गाळा. मातीत आणि कचऱ्यातच ब्लीचमधलं क्लोरीन खर्च होऊन जातं, जंतूंसाठी उरतच नाही. गाळूनही गढूळ राहिलं, किंवा पाणी बर्फासारखं गार असेल, तर थेंब दुप्पट. ढवळायचं, झाकायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. हा अर्धा तास कुणाला दम निघत नाही! अर्ध्या तासाने किंचित क्लोरीनचा वास यायला हवा. नाही आला तर तेवढेच थेंब पुन्हा घालून आणखी १५ मिनिटं. तरीही नाही आला तर ते पाणी प्यायचं नाही.

त्या रात्री बाबांनी कॅनचं झाकण उघडून आधी मला वास घ्यायला लावला होता. "येतोय?" "थोडासा." मग पहिला पेला त्याला दिला. तोपर्यंत पोरगं तसंच तहानलेलं बसून होतं.

आता कुणीतरी खाली लिहिणारच, 'ब्लीच म्हणजे विष.' १९०८ साली अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पाण्यात डॉ. जॉन लील यांनी क्लोरीन घालायला सुरुवात केली, तेव्हाही वाद कोर्टात गेला होता. निकाल क्लोरीनच्या बाजूने लागला. आज जगातली कितीतरी शहरं तेच पाणी पितात. विष होतं ते झाकणाने ओतल्यावर.

उकळणं जास्त चांगलं, हो. एक मिनिट खळखळून उकळलं तर क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवीही मरतो, जो ब्लीचला दाद देत नाही. सोय असेल तर उकळाच, माझी ना नाही. आणि पाण्यात कीटकनाशक, तेल, कारखान्याचं काही उतरलं असेल तर थेंब मोजून उपयोग नाही. ते उकळूनही जात नाही. तिथे दुसरं पाणीच शोधावं लागतं.

आणि त्याच मेसेजच्या शेवटी काय होतं? 'कॅन घासायला ब्लीचमध्ये थोडं टॉयलेट क्लीनर घाला.' अरे!! टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेकदा अ‍ॅसिड असतं. अॅसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत माणूस कोसळतो त्याने. अमोनिया असलेल्या क्लीनरचंही तेच, विषारी वाफा. ज्याने कुणी हे लिहिलं त्याने आयुष्यात ती बाटली उघडून बघितली नसणार.

एवढं सगळं मी ग्रुपवरही लिहिलं, याहून कडक शब्दांत. तासाभराने भावाचा फोन आला. मला वाटलं, भांडणार. त्याच्याकडे पाइपलाइन फुटलीय, चार दिवस मातकट पाणी येतंय, घाबरून मेसेज पुढे पाठवला म्हणे. मग जरा गप्प राहून म्हणाला, "ताई, तेव्हा आपण चाळीस मोजले होते ना?"

"चाळीस."

"माझं गाळूनही थोडं गढूळच आहे गं. कॅन वीसचाच."

"मग ऐंशी. लेबल वाचलंस?"

त्याने वाचून दाखवलं. ६ टक्के, बाकी काही नाही, तारीख गेल्या महिन्याची. फोन त्याने ओट्यावर ठेवला, आणि मागून त्याच्या लेकीचा आवाज यायला लागला. एक, दोन, तीन. पन्नाशीनंतर तो मध्येच काहीतरी बोलला, तर ती ओरडली, "बाबा, गप्प बसा ना!"

मेसेज त्याने काढलाय. तुमच्या ग्रुपवर आला असेल तर तुम्हीही काढा.