चढणीच्या माशाच्या वाटेत गळ नको

आषाढातला पहिला मोठा पाऊस झाला की रविवारी खडकवासल्याची चौपाटी कणसे आणि कांदाभजी खाणाऱ्यांनी भरून जाते, हे सगळ्यांना दिसते. त्याच दिवशी तिथून थोडे पुढे, गोऱ्हे-डोणज्याच्या बाजूला, सिंहगडाच्या अंगावरून आलेले ओढे जिथे धरणाच्या पाण्याला मिळतात, तिथे गळ घेऊन बसणाऱ्यांची वेगळी गर्दी असते. त्या गर्दीत मी २० वर्षे बसलो आहे आणि म्हणूनच हे लिहितो आहे. पहिल्या पावसापासून अनंत चतुर्दशीपर्यंत आपण हौशी मंडळींनी ओढ्यांच्या तोंडाशी मासे धरू नयेत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

चढणीचे मासे म्हणजे काय, हे मावळात आजोळ असलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. उन्हाळाभर खोल पाण्यात दबून असलेले मासे ताज्या, गार, गढूळ पाण्याची ओढ लागली की प्रवाहाच्या उलट वर चढू लागतात, कारण त्यांना अंडी घालायला वाहते, उथळ पाणी आणि गोट्यांचा तळ हवा असतो. लहानपणी आम्हीही खाचराच्या बांधावर टोपली लावून ते धरले आहेत, आणि मामीच्या हातचे ते कालवण अजून जिभेवर आहे. त्याबद्दल मी कोणाला दोष देणार नाही. मात्र तेव्हाचा ओढा आणि आताचा ओढा यांत फरक पडला आहे, आणि तो आपण लक्षातच घेत नाही.

मागच्या वर्षी जुलैमध्ये एका रविवारी मी तिथे बसलो होतो. ओढ्याचे तोंड जेमतेम १० पावलांचे असेल. त्यात एका बाजूने चार-पाच गळ पडलेले होते आणि दुसऱ्या बाजूने तिघांनी जुनी मच्छरदाणी आडवी धरली होती. एका सात-आठ वर्षांच्या मुलाने वडिलांनी दिलेला हातभर मासा दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरला होता, आणि त्या दाबाने त्याच्या बोटांच्या फटींतून पिवळसर अंडी मोहरीच्या दाण्यांसारखी ओघळून सदऱ्यावर पडत होती. मुलगा घाबरून म्हणाला, "बाबा, याच्यातून काहीतरी येतंय." वडील म्हणाले, "गाभोळी आहे रे, चांगली लागते." ते खोटे बोलत नव्हते, कारण गाभोळी खरोखरच चांगली लागते. पण त्या दिवशी मी माझा तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) गुंडाळला आणि त्यानंतर पावसाळ्यात तिथे गळ टाकलेला नाही.

आता ओढ्यातला फरक सांगतो. खडकवासल्याचे धरण एकोणिसाव्या शतकातले आहे, आणि त्याच्या वर पुढे आंबीवर पानशेत, मोशीवर वरसगाव आणि मुठेवर टेमघर अशी तीन धरणे उभी राहिली. पुण्याची तहान या साखळीवर भागते, त्यामुळे धरणांबद्दल माझी तक्रार नाही. माशाच्या बाजूने पाहिले, तर जो पूर्वी सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत चढू शकत होता, त्याची वाट आता तिन्ही नद्यांवर भिंतीशी संपते. खडकवासल्याची साठवण सुमारे २ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. एवढ्या पाण्यातल्या माशांना चढायला राहिले आहेत ते नदीचे मधले तुकडे आणि काठाचे हे लहान ओढे. म्हणजे ज्या १० पावलांच्या तोंडाशी आपण मच्छरदाणी लावतो, ते तोंड त्यांच्यासाठी मोजक्या उरलेल्या दारांपैकी एक आहे.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळते: "अहो, जलाशयांत दरवर्षी बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्ले, सोडतातच की, मग काय बिघडते?" बोटुकली सोडतात हे खरे आहे, पण ती बहुतेक कटला, रोहू आणि मृगळ यांची. हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे. १९५७ साली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन यशस्वी केले, तेव्हापासून त्यांचे बीज केंद्रात तयार करता येते. रोहूची मादी लाखांनी अंडी घालते आणि ती एका दिवसाच्या आत फुटतात. आपल्या नद्यांतला महाशीर तसा नाही. त्याची अंडी काही हजारांत मोजावी लागतात आणि ती फुटायला तीनेक दिवस लागतात. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महाशीरचे बीज तयार होत आले आहे, हे मोठेच काम आहे. पण कोळस, शिंगाळा, वांब या इथल्या इतर माशांची बोटुकली सोडायला सहसा कोणी येत नाही. त्यांना स्वतःच चढून वर जावे लागते.

आणि हे मासे खऱ्या अर्थाने आपले आहेत. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवरचे आपले लेखन १८३९ साली प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावांत घेतली. खुद्री, कोलस, सिंघाला ही नावे आजही जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत तशीच आहेत, आणि त्यातला खुद्री, म्हणजे आपला महाशीर, त्याने पुण्याच्या मुळा-मुठेतून नोंदवला होता. आज शहरातल्या मुठेत तो शोधायला जाण्यात अर्थ नाही.

समुद्रातली यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस बंद असते, आणि त्या काळात पापलेट-सुरमई महाग झाली तरी आपण समजून घेतो. गोड्या पाण्याबाबत तोच समजूतदारपणा निदान हौशी माणसाने दाखवावा. ज्यांचे पोट त्यावर आहे, ते भोई बांधव किंवा घरच्या कालवणापुरते मासे धरणारी कातकरी कुटुंबे यांना मी हे सांगत नाही. त्यांना सांगण्याचा अधिकार शनिवार-रविवारी चारचाकीतून येणाऱ्या माणसाला नाही.

ज्यांना पावसाळ्यात गळ टाकल्यावाचून राहवतच नाही, त्यांनी ओढ्यापासून दूर, संथ पाण्याच्या काठाला बसावे आणि चिलापी धरावी. आफ्रिकेतून आणलेला हा मासा अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळतो, साचलेल्या पाण्यातही भराभर वाढतो, आणि त्याने स्थानिक माशांची जागा बळकावली आहे. तो कितीही धरला तरी माझी हरकत नाही, आणि तिखट-मीठ लावून तळला तर उत्तम लागतो. त्यात चुकून दुसऱ्या एखाद्या माशाची अंड्यांनी पोट भरलेली मादी लागली, तर हात आधी ओले करावेत, कारण कोरड्या हाताने तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. तिला खडकावर ठेवू नये. गळ काढून तिचे तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरावे आणि ती स्वतः निसटेपर्यंत थांबावे.

या वर्षी पाऊस लागला की पहिल्या रविवारी सकाळी ७ वाजता मी त्या ओढ्याच्या तोंडाशी गळ न घेता जाणार आहे आणि तिथे येणाऱ्यांशी बोलणार आहे. काठावर पडलेला तुटका तंगूसही गोळा करायचा आहे, कारण बगळे त्यात अडकतात. कोणाला यायचे असेल, तर खाली कळवावे.